परभणीहून पळालेली सतरा वर्षांची मुलगी, मुंबईतले तीन दिवस : कुमार थरारकादंबरीचे तपशील तपासून हवेत

कोरं पान
मंडळी, चौदा ते अठरा वयाच्या वाचकांसाठी थरारकादंबरी लिहिते आहे. पहिला खर्डा ४८ हजार शब्दांचा झालाय. गोष्ट थोडक्यात अशी. कावेरी, वय १७ वर्षं १० महिने, परभणी जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या घरातली. बापाने मुकादमाकडून (ऊसतोडीची टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतली आहे आणि मुकादमाच्या पुतण्याशी तिचं लग्न ठरलं आहे. ती रात्रीच्या गाडीने मुंबईला पळते, मुकादम मागावर येतो, तीन दिवसांत सगळं घडतं.

सध्या खर्ड्यात असं आहे : जुलै महिना, धो धो पाऊस. ती सीएसएमटीला उतरते, जुनं सिम फेकून नवं घेते, दादरला लॉजवर राहते, तिथून रिक्षाने लालबागला जाते. मुकादमाच्या ओळखीचा हवालदार टॉवरवरून तिचा पत्ता काढून देतो. शेवटी हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यात ती कराटेने तिघांना लोळवते.

कुठल्या जागी वाचक थांबून ‘असं होत नाही’ म्हणेल, ते स्पष्ट सांगा. बदलायची तयारी आहे.

ऊसपट्टा
महिन्यापासून सुरुवात करा, बाकी सगळं त्यावर टांगलेलं आहे. उचल पावसाळ्यात वाटली जाते, टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघतात, गाळप साधारण नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल चालतं. ‘कोयता’ म्हणजे हत्यारही आणि नवरा-बायकोची जोडीही. उचल जोडीमागे मिळते. एकट्या पोराला अर्धा कोयता धरतात, पैसेही निम्मे. लग्न झालं की अर्ध्याचा पूर्ण कोयता होतो. घाई त्यासाठी असते.

म्हणून मुकादमाचा पुतण्या हा नवरा पटत नाही. मुकादमाच्या घरातली माणसं सहसा स्वतः उसाला जात नाहीत. नवरा टोळीतला पोरगा करा. आणि मुकादमाला मागावर यायला खरं कारण द्या : त्याने अमुक इतके कोयते आणून देतो म्हणून कारखान्याच्या वाहतूकदाराकडून पैसे उचललेले असतात. एक जोडी तुटली तर त्याचा आकडा तुटतो, शिवाय कावेरी सुटली तर उद्या टोळीतली दुसरी मुलगीही धीर करेल. ‘खलनायक वाईट आहे’ यापेक्षा हे कारण वाचकाला जास्त घाबरवेल.

चातुर्मासात मुहूर्त नसतो, पण अशी लग्नं मुहूर्ताला थांबत नाहीत. पितृपक्षात मात्र बहुतेक घरं लग्न लावत नाहीत. अनंत चतुर्दशीनंतर लगेच पितृपक्ष येतो. म्हणजे बापाला आणि मुकादमाला लग्न गणपती उठायच्या आत उरकायचं आहे. तुमचं घड्याळ आपोआप तयार झालं : कावेरी विसर्जनाच्या तीन रात्री आधी निघते आणि गोष्ट अनंत चतुर्दशीला संपते. सप्टेंबरात मुंबईत जोराचा पाऊस होऊ शकतो, त्यामुळे पाऊसही हातचा जात नाही.

आता तिचं बळ. कराटे कशाला? डोकी सेंटरवर बाया तीस-पस्तीस किलोची उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढतात. पहाटे तीनला उठणं, पाचटात पाय न कापता चालणं, ट्रॉलीवर झोपणं, हिशेब तोंडपाठ ठेवणं (वजनात आणि खाड्यात, म्हणजे गैरहजेरीच्या कपातीत, कोण किती मारतो हे पोरींना बरोबर कळतं). तिची मान, खांदे आणि तोल हे तिचं शस्त्र आहे. भरलेल्या पुलावरून डोक्यावर पाटी घेऊन ती अशी निघून जाईल की मागचा माणूस गर्दीतच अडकेल. असा प्रसंग खास तिचाच होईल.

रुळावरचा
गाडी. परभणीहून रात्री निघून सकाळी मुंबईत पोचणारी म्हणजे देवगिरी एक्स्प्रेस. मार्ग जालना, छत्रपती संभाजीनगर, मनमाड, नाशिक, कल्याण, ठाणे, दादर, सीएसएमटी. मिनिटं त्या वर्षीच्या वेळापत्रकातून घ्या, आठवणीवर लिहू नका. जनरलचं तिकीट खिडकीवर काढलं तर त्यावर नाव नसतं. आरक्षण केलं की नाव तक्त्यात जातं आणि निरोप नोंदवलेल्या मोबाइलवर. ती जनरलनेच येईल.

तुमच्या खर्ड्यात मुकादम दुसऱ्या दिवशी पोचतो. इतकी सवलत त्याला आणि तिलाही देऊ नका. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर सुरू झाला, नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत. परभणीहून जालना दोन-अडीच तास, जालन्याहून आमणे साधारण सव्वातीनशे ते साडेतीनशे किलोमीटर, चारचाकीला वेगमर्यादा १२० ची. एकूण सात-आठ तास. रेल्वेला दहाच्या आसपास लागतात. म्हणजे ती पळाल्याचं दोन तासांनी कळलं तरी मुकादमाची जीप गाडीच्या आधी फलाटावर उभी असू शकते! वाचकाला वाटतंय की ती सुटली, आणि फलाटावर मुकादम आधीच आलाय. एक लक्षात ठेवा, समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. चुलतभाऊ मोटारसायकलवर पाठलाग करतो हे वाक्य काढा.

यावर तिची चाल : सीएसएमटीपर्यंत न जाता कल्याणला उतरणं. पण तिने हे का करावं, याचं बीज आधी पेरा. डब्यातली एखादी बाई सहज म्हणते की कल्याणहून लोकल मिळते, एवढं पुरे.

रिक्षा : वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाही. दादर-लालबाग रिक्षाने जाणं मुंबईचा वाचक पहिल्या झटक्यात पकडेल. काळी-पिवळी टॅक्सी, बेस्ट नाहीतर पायी. बेस्टचं किमान भाडं मे २०२५ पासून १० रुपये आहे, लोकलचं किमान तिकीट ५ रुपये. तिच्याजवळ १,४०० रुपये असतील तर प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी शिल्लक किती, हे वहीत मांडत चला. थरारकादंबरीत पैसे अचानक वाढतात किंवा नाहीसे होतात, आणि या वयाचे वाचक ते मोजतात.

दादर : ९ डिसेंबर २०२३ पासून फलाटांचे क्रमांक सलग झाले. पश्चिमेचे १ ते ७, मध्यचे ८ ते १४. जुन्या पुस्तकांतला ‘मध्यचा १ नंबर’ आता लिहू नका.

पाठलाग लोकलच्या टपावर नको. खरी भीती दारात असते. गर्दीच्या डब्यात उतरायचं तर आधीच्या थांब्यापासून दाराकडे सरकावं लागतं, फलाट कोणत्या बाजूला येणार ते माहीत असावं लागतं, आणि गाडी थांबते वीस-तीस सेकंद. नवख्या मुलीला हे काहीच माहीत नाही. तिला दादरला उतरायचंय, बायका विचारतात ‘उतरायचंय का?’, ती गोंधळते, दार निघून जातं. मागावरचा माणूस बायकांच्या डब्यात चढू शकत नाही, रात्री तर तिथे पोलीसही असतो. म्हणून मुकादम बाई पाठवेल. तिची आत्या पाठवा. आत्या तिच्याच डब्यात, चार बायका पलीकडे, दोघींची नजर भिडलेली आणि मधे हलायला जागा नाही.

लोकल रात्री साधारण एक ते चार बंद असते. अनंत चतुर्दशीच्या रात्री मात्र पश्चिम आणि मध्य दोन्हीकडे जादा गाड्या सोडतात. ही एक रात्र तुम्हाला कथेसाठी फुकट मिळते आहे, ऊसपट्टा यांची तारीख नक्की धरा.

कोरं पान
नवरा बदलला, महिना बदलला, रिक्षा काढली. आत्या डब्यात हे वाचून अंगावर काटा आला, ते घेणारच.

लॉज आणि नवं सिम याबद्दल कुणी सांगेल का? आणि हवालदार? तिचं वय सरळ १८ करून टाकलं तर सगळं सोपं होईल असं वाटतंय.

टिपण
वय १८ करू नका. मग थरार अर्ध्यावर येईल. कारण असं :

ती अठरा पूर्ण असेल तर घरच्यांनी तक्रार दिल्यावर ठाण्यात ‘मिसिंग’ नोंद होते. ती सापडली आणि ‘मी स्वखुशीने आले’ असा जबाब दिला की पोलीस तिला जबरदस्तीने घरी पाठवू शकत नाहीत. विषय संपला.

अठराच्या आत असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानुसार हरवलेल्या मुलाच्या प्रकरणात अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवायचा असतो. भारतीय न्याय संहितेचं कलम १३७. म्हणजे परभणीत गुन्हा दाखल, आणि तिला आसरा देणाऱ्या प्रत्येकावर संशय. मुकादमाला भ्रष्ट हवालदाराची गरजच उरत नाही. पोलीस प्रामाणिकपणे, नियमाप्रमाणे तिला शोधतात आणि नकळत मुकादमाचं काम करतात. थरारकथेला याहून चांगला पेच कुठला? दोन महिने थांबली असती तर ती मोकळी होती, आणि ते दोन महिनेच तिच्याकडे नाहीत.

लॉज : अठराखालच्या एकट्या मुलीला ओळखपत्र मागतील आणि खोली देणार नाहीत. सिम : अठराच्या आत स्वतःच्या नावावर मिळत नाही. दोन्ही गेलं.

आता दुसरी बाजू, आणि ही नीट समजून घ्या. बाल न्याय अधिनियम २०१५ मध्ये ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक’ कुणाला म्हणायचं याची यादी आहे, त्यात कायदेशीर वयाआधी लग्न लावलं जाण्याचा धोका असलेलं मूल स्पष्ट लिहिलेलं आहे. अशा मुलाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत बालकल्याण समितीपुढे हजर करायचं. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात एक तरी स्त्री. बैठक नसेल तर एका सदस्यापुढेही हजर करता येतं. मुलीला कोठडीत ठेवत नाहीत. प्रत्येक ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. समिती पालकांकडे परत पाठवण्याचा विचार आधी करते हे खरं, पण धोका दिसला तर बालगृहात ठेवू शकते. सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत मागवते, चौकशी चार महिन्यांत पूर्ण करायची असते.

म्हणजे पोलिसांनी गाठणं हा शेवट नाही, तिथे काय बोललं जातं यावर पुढचं ठरतं. ‘मी हरवले’ म्हणाली तर बापाच्या ताब्यात जाण्याची शक्यता जास्त. ‘मी सतरा वर्षांची आहे, माझं लग्न लावतायत’ म्हणाली तर वाट बदलते. एका वाक्याचा फरक आहे आणि तिला ते वाक्य माहीत नाही. कुणाकडून कळतं, ते तुम्ही ठरवा.

बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ : मुलगी १८, मुलगा २१. लग्न लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. महाराष्ट्रात गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. पळण्याआधी ती ग्रामसेवकाकडे गेली होती का, हा प्रश्न चाणाक्ष वाचक विचारणार. एका परिच्छेदात उत्तर द्या. तो रजेवर असेल, किंवा गावातल्या दबावाने गप्प बसला असेल. काहीही चालेल, पण उत्तर हवं.

नेटवर्क
फोनचं सांगतो. खर्ड्यातल्या सर्वांत जास्त चुका इथे आहेत.

१. सिम फेकलं पण हँडसेट तोच ठेवला तर उपयोग नाही. हँडसेटला आयएमईआय क्रमांक असतो. त्यात दुसरं सिम घातलं की तोच क्रमांक नव्या सिमसोबत कंपनीच्या नोंदीत दिसतो. पोलीस तेच मागवतात.

२. कॉलची नोंद आणि टॉवरचं ठिकाण मुकादमाला मिळत नाही. पोलीसही वरिष्ठांमार्फत कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडून मागवतात. हवालदाराने खिशातून मोबाइल काढून ‘ती आत्ता दादरला आहे’ म्हणणं खोटं. आणि टॉवर घराचा नंबर सांगत नाही. शहरात काही शे मीटरचा पट्टा मिळतो. दादरमध्ये काही शे मीटर म्हणजे हजारो माणसं.

३. खरा धोका घरातून येतो. भावाने फोन चालू करून देताना स्वतःचं किंवा आपल्याला पाठ असलेलं गूगल खातं घातलेलं असतं. त्या खात्यावरून फोन शोधण्याची सोय वापरली की नकाशावर ठिपका येतो. त्यासाठी पोलीस लागत नाहीत. आणि फोन शोधला गेल्याची सूचना त्या फोनवरही येते. तिला ती सूचना दिसू द्या. फूल मार्केटात उभी आहे, हातात फोन, आणि पडद्यावर एक ओळ.

४. सिम काढलं आणि स्टेशनच्या मोफत वायफायवर जोडायला गेली तर ओटीपी मागतो. ओटीपी यायला सिम हवं. अडकली.

५. बँक. शिष्यवृत्तीचं खातं असेल तर त्याला मोबाइल बापाचा जोडलेला असतो. तिने एटीएममधून ५०० काढले की निरोप बापाच्या फोनवर, त्यात बऱ्याचदा एटीएमचं ठिकाण किंवा क्रमांक. आधारचा ओटीपीही बापाकडेच. हा तपशील मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण यात तिची ओळखच दुसऱ्याच्या खिशात आहे.

तर तिचा क्रम असा ठेवा : भूक लागली, पैसे संपत आले, एटीएम वापरलं, दीड-दोन तासांनी जीप दादरच्या त्याच रस्त्यावर. तिला कळतच नाही की हे कसं झालं. वाचकाला कळतं.

रुळावरचा
लॉज गेलं म्हणून रात्रीचा प्रश्न उरला, त्यावर. प्रतीक्षागृहात प्रवासाचं तिकीट मागतात आणि एकट्या मुलीची आरपीएफच्या (रेल्वे सुरक्षा दलाच्या) महिला कर्मचारी चौकशी करतातच. आरपीएफ आणि लोहमार्ग पोलीस वेगळे, हेही लिहिताना सांभाळा. आरपीएफ रेल्वेचं, लोहमार्ग पोलीस राज्याचे, गुन्हा लोहमार्ग पोलीस नोंदवतात. स्थानकाच्या हद्दीबाहेर पाऊल पडलं की शहर पोलीस.

गणपतीत मात्र एक जागा अशी आहे जिथे रात्रभर हजारो बायका-मुलं उभी असतात आणि कुणी विचारत नाही : लालबागची दर्शनाची रांग. तासन्‌तास सरकत असते, बाया खाली बसून डुलक्या घेतात, शेजारची बाई पोराला धरायला देते. पहिली रात्र तिथे काढू द्या. विसर्जनाच्या आधी रांगा बंद होतात, ती वेळ त्या वर्षीच्या सूचनेप्रमाणे बघा. तिथून पहाटे दादरचं फूल मार्केट चालत गाठता येतं, ते अंधारातच सुरू होतं. गणपतीच्या शेवटच्या दिवसांत हार ओवायला हात कमी पडतात, रोख मिळते. उसाची मोळी बांधणाऱ्या बोटांना झेंडू ओवायला फार शिकावं लागणार नाही.

टिपण
फूलवाली तिला ठेवून घेणार असेल तर एक गोष्ट. निराधार दिसणारं किंवा हरवलेलं मूल ज्याच्याकडे आलं त्याने २४ तासांत १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन), पोलीस किंवा समितीला कळवायचं असतं, न कळवणं हा गुन्हा आहे. फूलवालीला हे माहीत असेल आणि तरी तिने एक रात्र जास्त काढू दिली, तर ती व्यक्तिरेखा जिवंत होईल. १०९८ ची सुरुवात १९९६ मध्ये मुंबईतच झाली होती. २०२३ पासून ती सेवा सरकारी यंत्रणेकडून चालते आणि ११२ शी जोडलेली आहे. कादंबरीत क्रमांक एकदा तरी यायला हवा, फूलवालीच्या तोंडून.

भरतीचं गणित
हिंदमाताचं पाणी अनंत चतुर्दशीला तुंबेलच असं नाही, पण समुद्र मात्र नक्की भरतो. तिथीला पाऊणपट केलं की मुंबईच्या भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा. चतुर्दशीला साडेदहा, सकाळी आणि रात्री, अर्धा-पाऊण तास पुढेमागे. दोन्हींच्या मधे ओहोटी, म्हणजे दुपारी साडेचार-पाचला. पौर्णिमा टेकलेली असल्याने ही उधाणाची (मोठी) भरती, भांगाची (लहान) नव्हे. फरक मोठा असतो. पाच वाजता गिरगाव चौपाटीवर जिथे कोरड्या वाळूवर उभं राहता येतं, तिथे रात्री दहाला कमरेच्या वर पाणी असू शकतं.

परभणीच्या माणसाला हे ठाऊक नसतं, तिलाही नाही, मुकादमालाही नाही. पण दोन दिवस किनाऱ्याजवळ राहून तिने पाहिलेलं असू शकतं की पाणी काल या पायरीपर्यंत होतं आणि आज पाऊण तास उशिरा तिथे आलं. शेताला पाणी सोडणाऱ्या घरातली मुलगी पाण्याची वेळ लक्षात ठेवते. मुकादम वाळूवर वाट अडवून उभा आहे आणि पाणी चढतंय, हे तिला त्याच्या आधी कळलं पाहिजे.

चौपाटीवर समुद्रात शिरून पळणं लिहू नका. विसर्जनाला पाण्यात दोर, जीवरक्षक, तराफे, पायाला बोचणारे मूर्तींचे अवशेष असतात, आणि तिला पोहता येत नाही. पाण्याने फक्त मुकादमाची बाजू बंद करावी.

हिरवी शाई
संपादनाच्या बाजूने.

पाच जणांनी मिळून इतका तपशील दिलाय की भीती वाटते, सगळा पुस्तकात येईल. तपशील तेव्हाच ठेवा, जेव्हा त्याच्यामुळे तिला काहीतरी ठरवावं लागतं. एटीएमचा निरोप राहील, समितीची सदस्यसंख्या जाईल. लेखिकेला दहा गोष्टी माहीत असाव्यात, कावेरीला दोन, वाचकाला चार.

भूतकाळ. खर्ड्यात तिसऱ्या प्रकरणात ११ पानं पूर्वकथा असेल, असा माझा अंदाज आहे, बहुतेक पहिल्या खर्ड्यांत असते. ती मोडा. भूतकाळ तिच्या सवयींतून येऊ द्या. ती भिंतीला पाठ लावून झोपते. मोटारीचा आवाज ऐकून ट्रॅक्टर आहे की जीप ते ओळखते. कुणी पैसे आगाऊ देऊ केले की घेत नाही, कारण उचल म्हणजे काय हे तिला माहीत आहे. फूलवाली दोनशे रुपये आधी देते आणि ही मागे सरते, त्या एका हालचालीत अख्खी पूर्वकथा आहे.

भाषा. निवेदन तिच्याच तोंडून असेल तर प्रमाण मराठीत ठेवा, पण संवादात मराठवाड्याची बोली राहू द्या. मुंबईत ती दबून ‘का’ म्हणायला शिकते, आणि भीती वाटली की ‘कामून’ तोंडातून निघतं. हा नुसता रंग नाही. गर्दीत आत्याला तिचा चेहरा दिसत नाही, पण ‘कामून’ ऐकू येतं. प्रकरणं १,२०० ते १,८०० शब्दांची ठेवा. आत्याच्या डब्याचं प्रकरण त्याहून छोटं चालेल.

मारामारी. कराटे गेलं ते बरं झालं. मनगट धरलं तर सुटका अंगठ्याच्या बाजूने होते, कारण पकड तिथेच उघडी असते. एक झटका, तीन सेकंद, आणि पळणं. या वयाच्या मुली हे वाचून करून बघतील, म्हणून बरोबर लिहा. चालत्या लोकलमधून उडी मात्र नको, तेही करून बघतील.

शेवट. मला वाटतं तिने स्वतःच्या पायांनी चौपाटीवरच्या हरवले-सापडले कक्षात जावं आणि टिपण यांनी सांगितलेलं ते एक वाक्य बोलावं.

ऊसपट्टा
शेवटाबद्दल मतभेद आहे. तीन दिवस जिच्यापासून ती लपली, त्या यंत्रणेच्या हातात स्वतःला देणं हे वाचकाला हार वाटेल. टोळीतल्या दुसऱ्या दोन मुली, पळण्याआधी केलेला करार, असं काहीतरी हवं.

हिरवी शाई
हार वाटू नये याची एक युक्ती. कक्षात जाण्याआधी ध्वनिक्षेपकावर तिचं नाव पुकारलं जातं : ‘परभणीहून आलेली कावेरी, तुझे वडील कक्षात वाट बघतायत.’ मुकादमानेच बापाला पुढे करून तक्रार दिली आहे. हजारोंच्या गर्दीत तिचं नाव घुमतंय. आता कक्षात जायचं म्हणजे थेट सापळ्यात जायचं, आणि ती जाते, कारण आता तिला माहीत आहे काय बोलायचं. सगळ्यांसमोर, बापाच्या डोळ्यांत बघून. ही पुस्तकातली सर्वांत कठीण कृती आहे, आणि तिला कुठलीही मोळी याहून जड नव्हती. तुमचे दोन मुलींचे मुद्दे याला जोडता येतात : तिने एकटीचं नाव न घेता तिघींची नावं सांगावीत.

ऊसपट्टा
तिघींची नावं सांगितली तर मान्य. मग मुकादमाचं खरं नुकसान होतं. एकीचं लग्न मोडलं तर तो दुसरी जोडी शोधेल, तीन घरांची चौकशी लागली तर टोळीच उभी राहत नाही. आणि वेठबिगार पद्धत उच्चाटन कायदा १९७६ चा आहे, त्याखाली असं कर्ज वसूलच करता येत नाही. बापाला हे कळलं तर त्याची मान खाली जाण्याचं कारणच संपतं. बापाला शत्रू करू नका. त्याला कर्जाची भीती आहे, एवढंच.

कोरं पान
तिघींची नावं. हो. त्यासाठी पहिल्या प्रकरणात त्या तिघींचं उसाच्या फडातलं दृश्य घालते.

एक अडचण उरली. मुकादम म्हणेल, पोरगी १८ ची आहे, आधार बघा. आधारवर जन्मतारीख वाढवून घेतलेली दाखवायची आहे. मग कक्षातला अधिकारी कुणाचं ऐकेल?

टिपण
बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ मध्ये वय ठरवायचा क्रम दिलेला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. आधार या यादीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही असं म्हटलं, तेही याच कलमाचा आधार घेऊन.

म्हणून तिने घरातून निघताना पैशांपेक्षा आधी काय उचललं पाहिजे, तर शाळेच्या जनरल रजिस्टरचा निर्गम उतारा, शिक्क्यासह. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापकांकडे अर्ज केला की मिळतो. अर्जाचं कारण काय लिहिलं, तेही ठरवून ठेवा. शिष्यवृत्ती लिहिलं तर कुणाला शंका येणार नाही. कागद एकच ठेवा. पावसात भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत, परकराच्या नाडीशी बांधलेला. मुकादमाला तिच्याइतकाच तो कागद हवा आहे, हे वाचकाला मध्यापर्यंत कळू देऊ नका. आत्या डब्यात तिच्या चेहऱ्याकडे नाही, कमरेकडे बघत असते.

कोरं पान
कमरेकडे बघते. आता आत्याचं अख्खं प्रकरण पुन्हा लिहायला बसते. तिसऱ्या प्रकरणातली पूर्वकथा खरंच ११ पानं होती, मोडली.

उतारा मिळवतानाचा अर्ज पहिल्याच पानावर घेतला तर फार लवकर होईल का, की फडातल्या दृश्यानंतर?

हिरवी शाई
पहिल्याच पानावर घ्या. अर्ज, कारण शिष्यवृत्ती, खाली तिची सही. काय चाललंय ते सांगू नका. मुख्याध्यापक शिक्का मारताना विचारतात, ‘पुढे शिकणार ना?’ आणि ती ‘हो’ म्हणते.